झिराडकरांकडचा हनुक्का

चिंतामण कर्णिकांनी आयुष्यात एक वाक्य जसंच्या तसं पुढे पोचवलं असेल तर शपथ. त्यांच्या तोंडून निरोप निघायचा तो नटूनथटूनच. कुणी सांगावं, "घरी म्हणावं, उद्या येतो," तर मालिनीबाईंच्या कानावर पडायचं की पाहुणे उद्या येताहेत, सहकुटुंब येताहेत आणि त्यांना वालाचं बिरडं जीव की प्राण आहे. पाहुणा एकटाच यायचा, त्याला वाल चालायचे नाहीत, आणि पातेलंभर बिरडं कर्णिक स्वतः संपवायचे. मालिनीबाईंना हे लग्नानंतर दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं, पण कळून उपयोग काय?

अशा माणसाला अंबरनाथच्या एका यंत्रांच्या कारखान्यानं दुभाष्या म्हणून उभं केलं. हा दोष कारखान्याचा, कर्णिकांचा नव्हे. कागदावर ते स्टोअर्समधले कारकून. पण बावन्न साली अडलर नावाचे एक गोरे साहेब झेकोस्लोव्हाकियातून आले. साहेबांना लेथच्या पोटातलं सगळं कळायचं, मराठी-हिंदीतलं काही म्हणजे काही कळायचं नाही. कामगारांचं इंग्रजी 'यस सर'पाशी संपायचं. मध्ये कुणीतरी हवं होतं. कर्णिकांचं इंग्रजी बेताचंच होतं, पण बोलताना अडायची त्यांना सवय नव्हती, म्हणून साहेबांना वाटलं, याला येतं.

साहेब तीन-तीन मिनिटं कडाडायचे. हे काम नाही, कचरा आहे. असले हात मशीनला लावू देणं हेच पाप आहे. कर्णिक मान डोलवत ऐकायचे आणि कामगारांकडे वळून सांगायचे, "साहेब म्हणतात, झकास जमलंय, अजून थोडं घासा." इकडचे लोकही काही कमी नव्हते. चामटोलीहून येणारा कोंडाजी हमाल साहेबांच्या तोंडावर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. कर्णिक इंग्रजीत कळवायचे, की कोंडाजी आपल्या घरच्यांची खुशाली विचारतो आहे. यावर साहेब एकदम गप्प व्हायचे आणि कोंडाजीला हलकेच नमस्कार करायचे. कोंडाजी चक्रावून जायचा. दोन वर्षांत त्या खात्यात एक भांडण झालं नाही, आणि याचं श्रेय कर्णिक उघडपणे स्वतःकडे घेत.

कर्णिकांचे जिवलग दोन. सॅम्युएल झिराडकर फिटर आणि दौलतराव शिरसाठ पेंटर. दुपारचे डबे तिघं पेंटशॉपमागच्या ओट्यावर उघडत आणि एकमेकांच्या डब्यावर तुटून पडत. सॅम्युएल बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, पण अलिबागकडचा. बापजाद्यांचा तेलाचा घाणा, शनिवारी तो बंद, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. बायको गेल्यापासून घरात तो आणि त्याची आई मोतीबाई, दोघंच. दौलतराव नगरकडचे ख्रिस्ती, वयानं थोरले, आवाज भरदार. त्यांचं बायबल एवढं वापरलेलं होतं की पानं सुटू नयेत म्हणून ते सुतळीनं बांधून ठेवत.

थंडी पडली की तिघांची एक ठरलेली रीत होती. प्रत्येकानं आपल्याकडचा हिवाळ्यातला सण बाकीच्या दोघांना खिलवायचा. कर्णिकांचा वार धुंधुरमासाचा. धुंधुरमास म्हणजे काय, तर थंडीत सूर्य उगवायच्या आत उठायचं, आंघोळ करायची, देवाला नैवेद्य दाखवायचा आणि उजाडता उजाडता मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि वांग्याचं भरीत असं गळ्यापर्यंत जेवायचं. देवाचा यात भाग किती आणि कर्णिकांचा किती, हे विचारायची सोय नव्हती. दौलतरावांचा वार अर्थातच नाताळचा. त्यांच्याकडच्या करंज्या खाऊन कर्णिक एकदा घरी म्हणाले होते की करंज्या कराव्यात तर ख्रिस्तीणींनी. पुढची दिवाळी त्यांनी चिवड्यावर काढली.

सॅम्युएलचा वार मात्र रिकामा. "आमचा थंडीत सणच नाही रे," असं तो ओशाळून म्हणायचा. मग मोतीबाई मलिदा घालायच्या. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वर पाच फळं, एलियाहू नबीचं नाव घ्यायचं आणि ताट पुढे सरकवायचं. मलिद्याला ऋतू लागत नाही. तिसऱ्या मित्राची पंगत चुकली नाही म्हणजे झालं.

आता चोपन्न सालच्या डिसेंबरात कर्णिकांच्या तोंडानं काय केलं ते ऐका.

एका सोमवारी अडलर साहेब केबिनमध्ये भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे होते. कर्णिकांनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "साहेब, नाताळला मुंबईला का?"

"मी ख्रिस्ती नाही, कर्णिक. मी ज्यू आहे."

"मग आमचा झिराडकरही ज्यूच की," कर्णिक म्हणाले.

साहेब खुर्चीचा आधार घेऊन वळले. "तो फिटर? तो काळा, मिशीवाला?"

"अस्सल ज्यू."

साहेब पुन्हा कॅलेंडरकडे वळले. मग विचारलं, "त्यांच्या घरी हनुक्का करतात?"

हा शब्द कर्णिकांनी जन्मात ऐकला नव्हता. ती खायची वस्तू आहे की ल्यायची, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पण 'नाही' म्हणायला त्यांची जीभ कधी वळलेलीच नव्हती. "दर वर्षी," ते म्हणाले.

मग साहेबच सांगत गेले. फार पूर्वी एका परक्या राजानं ज्यूंच्या देवळातला दिवा विझवला, त्यांनी लढून देऊळ परत घेतलं, तेल एका दिवसापुरतं होतं ते आठ दिवस पुरलं. म्हणून आठ संध्याकाळी दिवे लावायचे, रोज एक वाढवत. सांगताना साहेबांचा आवाज कारखान्यातला राहिला नव्हता. "आणि यांच्याकडे तो कधी थांबला नाही? कुणी थांबवला नाही?"

"कुणाची छाती आहे साहेब? शंभर वर्षांत एक दिवस खाडा नाही."

"मला बघायचंय," साहेब म्हणाले. "जिथे तो कधीच विझला नाही असं एक घर मला बघायचंय. एकच संध्याकाळ. शेवटची, सगळे दिवे लागतात ती. चालेल त्यांना?"

सव्वीस तारीख, रविवार. कर्णिकांनी तिथल्या तिथे झिराडकरांच्या वतीनं आग्रहाचं आमंत्रण देऊन टाकलं. दोन वर्षांत साहेब हसलेले त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

दुपारी ओट्यावर ही बातमी ऐकून सॅम्युएलचा घास हातातच राहिला. "हनुक्का? अरे, ते मुंबईतली माणसं करतात. आम्ही झिराडची. म्हातारी सांगते, आमचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले ते या सणाच्या आधी. सण मागाहून झाला. आम्हाला कळवायला कोण पत्र टाकणार होतं?"

"मग आता कळलं ना? कर."

"कसा करतात ते कुणाला ठाऊक? तू जा आणि साहेबाला सांग, मी थाप मारली."

"ठाण्याला तुमच्या देवळात विचारून ये."

"पन्नाशीला आलो, आणि आता जाऊन विचारू की आपला सण कसा करतात? लोक तोंडावर हसतील."

कर्णिक साहेबांकडे दोनदा गेले, हे खरं. पहिल्यांदा दारात पाऊल टाकलं तर साहेबच म्हणाले, "कर्णिक, मी जुनी टोपी शोधून काढली." दुसऱ्यांदा साहेब स्वतःशी काही गुणगुणत होते आणि मध्येच अडत होते. दोन्ही वेळा कर्णिक स्टोअर्सच्या कागदावर सही घेऊन परतले. आपण एका माणसाची केवढी आशा वाढवून बसलो आहोत ते त्यांना कळत होतं. पण कळणं निराळं आणि तोंड उघडणं निराळं.

दौलतराव म्हणाले, "घाबरता कशाला? ज्यूंचं सगळं बायबलात आहे." त्यांनी सुतळी सोडली आणि उत्पत्तीपासून शोधायला सुरुवात केली. जुना करार संपला, हनुक्का नाही. चौथ्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानात एक ओळ सापडली, यरुशलेमात मंदिराच्या पुनःस्थापनेचा सण होता आणि हिवाळा होता, बस. "बघा," दौलतराव म्हणाले, "ज्यूंचा सण ज्यूंच्या शास्त्रात नाही, तो आमच्यात आहे." ही गोष्ट ते कारखानाभर सांगत हिंडले. सण करायचा कसा, यावर योहानानंही मौन पाळलं होतं.

मग दिवा करायला घेतला. दौलतरावांचं म्हणणं, मोशेला देवानं सात दिव्यांचा सांगितला, सातच हवेत. सॅम्युएल म्हणाला, साहेब आठ म्हणतो तर आठ. कर्णिक म्हणाले, नऊ करा. का, तर नवरात्राचे नऊ असतात, आणि एक उरलेला परवडला पण पाहुण्यासमोर कमी पडता कामा नये. शेवटी भंगारातल्या लोखंडी पट्टीवर सॅम्युएलनं नऊ वाट्या बसवल्या. वाट्या उल्हासनगरच्या कॅम्पातून कर्णिकांनी आणल्या. ज्या सिंधी दुकानदाराकडून घेतल्या त्याला त्यांनी सांगितलं, की राष्ट्रपती येणार आहेत. रंगवायचं काम दौलतरावांकडे, आणि दौलतराव नाताळच्या गडबडीत. आज देतो, उद्या देतो करत काळा रंग मारला तो रविवारी दुपारी.

राहता राहिल्या मोतीबाई. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, पंचाहत्तरी उलटलेली आणि जिभेला धार अशी की कर्णिकही त्यांच्यापुढे जपून बोलत.

"असलं सोंग माज्या घरात नको," त्या म्हणाल्या. "माज्या सासूनं नाय लावला, तिच्या सासूनं नाय लावला. आज तुज्या साहेबासाटी लावू?"

"मोतीबाई, साहेब एकटे आहेत हो. बंगल्यात उकडलेले बटाटे खातात."

"एकटा हाय?" म्हातारी जरा थांबली. "मग जेवाया आण. एकट्या मानसाला जेवन लागतं, दिवे काय खायचेत?" दिव्याबद्दल त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. कर्णिकांनी त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला.

शनिवारी नाताळ झाला. दौलतराव असे गायले की भिंतीवरची कागदी चांदणी हलली, आणि करंज्या उत्तम होत्या. रविवारी पहाटे कर्णिकांकडे धुंधुरमासाची पंगत बसली. दरवर्षी चार भाकऱ्यांचा फन्ना उडवणारे कर्णिक दुसऱ्या भाकरीलाच थबकले. मालिनीबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

संध्याकाळी झिराडकरांच्या खोलीत दिवा टेबलावर चढला. मालिनीबाई मदतीला म्हणून आल्या, त्यांनी दाराशी रांगोळी काढली, आत येऊन दिव्याकडे पाहिलं आणि हात आपोआप कुंकवाच्या करंड्याकडे गेला. दिवा लावायचा आणि हळदकुंकू नाही, हे त्यांच्या बोटांना ठाऊकच नव्हतं. नऊ वाट्यांना नऊ बोटं उठली.

मोतीबाई आतून आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. "अगं बये, काय केलंस? त्येचा देव केलास की. आमच्यात मूर्त पुजत न्हाईत." त्यांनी पदरानं पुसायला घेतलं. ओला काळा रंग, हळद, कुंकू आणि पदर यांचं एकत्र जे व्हायचं ते झालं. मालिनीबाईंना रडू कोसळायच्या बेतात होतं. तेवढ्यात चाळीतली पोरं ओरडली, "साहेब आला."

अडलर साहेब काळा सूट, टाय आणि डोक्यावर एक लहानशी टोपी अशा थाटात आले होते. दारात वाकले, रांगोळी ओलांडली आणि समोरच्या दिव्याकडे बघत उभे राहिले. कर्णिक साहेब आणि मोतीबाईंच्या मध्ये जाऊन उभे राहिले, आपल्या नेहमीच्या जागी.

मोतीबाईंनी पाहुण्याला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं. "हा ज्यू? ह्येचं तोंड तर फौजदारावानी हाय. विचार त्येला, शनिवार पाळतो का?"

कर्णिकांनी विचारलं. साहेब खाली मान घालून म्हणाले, "नाही. पुष्कळ वर्षं नाही."

"पाळतात, अगदी कडक," कर्णिकांनी सांगितलं.

"बिनखवल्याची मासळी खातो का? आपल्याला ती चालत न्हाई."

साहेब म्हणाले, "एक काळ असा होता, की मिळेल ते खाल्लं."

"शिवत नाहीत," कर्णिक म्हणाले.

म्हातारीचा चेहरा जरा निवळला. मग साहेबांनी विचारलं, "यांना विचारा, हा दिवा या घरात किती वर्षं लागतोय?"

कर्णिकांनी घसा खाकरून विचारलं. मोतीबाई फटकन म्हणाल्या, "कवाच नाय. सांग त्येला. हे तुजं सोंग हाय."

"त्या म्हणतात," कर्णिक इंग्रजीत म्हणाले, "त्यांच्या सासूच्या सासूपासून."

साहेबांचे डोळे भरून आले. ते पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी दिव्याची पट्टी धरली, एखाद्या म्हाताऱ्याचे हात धरावेत तशी. मग हात मागे घेतले आणि तळव्यांकडे पाहिलं. तळवे काळे झाले होते. त्यात थोडं कुंकू होतं.

दौलतराव छताकडे बघू लागले. सॅम्युएलनं एक फडकं पुढे केलं, पण साहेबांनी ते घेतलं नाही. ते कर्णिकांकडे बघत होते.

कर्णिकांना अजूनही दोन-तीन थापा सुचत होत्या. दर वर्षी नवा रंग देतात, ही तर अगदी जिभेवर होती. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून ती बाहेर पडेना. त्यांना स्वतःची मनापासून किळस आली. "साहेब, मी खोटं बोललो," ते म्हणाले. "या घरात आजपर्यंत हा दिवा कधी लागला नाही. यांना तो ठाऊकच नव्हता. हा आम्ही तिघांनी मिळून भंगारातून केलाय. आत्ताही म्हातारीनं खरं सांगितलं होतं, मी उलटं सांगितलं."

"का?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा मला नाही म्हणवेना."

साहेब स्टुलावर बसले. रंगलेले हात गुडघ्यांपासून लांब धरून, कर्णिकांकडे न बघता, ते हळूहळू बोलत राहिले. मोतीबाईंनी कर्णिकांच्या दंडाला चिमटा काढला. "काय बोलतोय? मला सांग. आन जसं बोलतो तसं सांग, न्हाईतर तुजी जीभ हासडीन."

कर्णिक एकेक वाक्य ऐकत गेले आणि एकेक वाक्य सांगत गेले.

"ते म्हणतात, आमच्या घरी माझे वडील दिवा लावत. मोठं घर होतं. भाऊ, बहिणी, त्यांची मुलं. एक्केचाळीस साली शेवटचा लावला. मग आम्हाला घेऊन गेले. लढाई संपल्यावर मी परत आलो. बाकी कुणी आलं नाही. त्यानंतर मी दिवा लावला नाही. म्हटलं, ज्यांनी विझवला ते जिंकले. इथे ऐकलं, की एक घर आहे, तिथे कुणी कधी विझवला नाही. मला तेवढंच बघायचं होतं."

मालिनीबाईंनी तोंडाला पदर लावला.

मोतीबाई बराच वेळ साहेबांकडे बघत होत्या. मग त्यांनी आपलं स्टूल ओढलं आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या. "चिंतामण, त्येला सांग. दिवा आमच्याकडं नव्हता, त्ये खरं. आमी जहाज फुटून आलो, पोथ्या बुडाल्या, भाषा बुडाली, सन इसरलो. घाना चालवला, मासळी खाल्ली, ह्यांच्यासारकं लुगडं नेसलो. पन येक गोष्ट बुडाली न्हाई. जलमताना, मरताना, लगीन असो की मलिदा, आमी शेमा म्हनतो, द्येव येकच हाय म्हनून. माज्या सासूनं म्हटली, तिच्या सासूनं म्हटली. दोन हजार वर्सांत ह्या मुलकात आमाला कुनी म्हटलं न्हाई, की म्हनू नको. येकानं पन न्हाई. हे सांग त्येला."

कर्णिकांनी सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. इंग्रजी अडलं तिथे ते थांबले, शब्द शोधला आणि पुढे गेले.

साहेबांनी मान वर केली. "शेमा?"

मोतीबाईंनी उजवा हात डोळ्यांवर धरला आणि म्हणायला सुरुवात केली, शेमा इस्राएल. उच्चार झिराडचे, हेल अलिबागचा, हेच शब्द त्या गेली सत्तर वर्षं याच चालीवर म्हणत आल्या होत्या. चौथ्या शब्दाला साहेबांचे ओठ हलले. शेवटच्या शब्दापर्यंत त्यांचा आवाज म्हातारीच्या आवाजात मिसळला होता आणि ते लहान पोरासारखे हुंदके देत रडत होते. सॅम्युएलही डोळ्यांवर हात धरून उभा होता. दौलतरावांनी टोपी काढली.

"आता लाव," मोतीबाई म्हणाल्या आणि काडेपेटी साहेबांच्या हातात दिली. "हिंदूनं मोजला न् किरिस्तावानं रंगवला, तरी तेल आपलंच हाय, खोबऱ्याचं."

साहेब उठले. कडेची वाटी आधी पेटवली आणि तिच्या ज्योतीवर एक लांब वात धरून म्हणाले, "ही मोजायची नसते. ही बाकीच्या आठांना पेटवायला." म्हणजे नऊच बरोबर होते. एवढ्या प्रसंगातही कर्णिकांनी दौलतरावांकडे बघून भुवई उडवली, तो त्यांचा स्वभाव.

साहेबांनी पहिली वाटी पेटवली आणि काहीतरी पुटपुटले. दुसरी पेटवली, पुन्हा पुटपुटले. सॅम्युएलला वाटलं, मंत्र असेल, तो कान देऊन ऐकू लागला. तिसऱ्या वाटीला म्हातारी हळूच म्हणाली, "मंत्र न्हाई. नावं हायत ती."

याकोब. हेड्विग. रूथ. एमिल. एकेका वाटीला एकेक. आठवी वाटी पेटली, आणि साहेब जळती वात हातात धरून तसेच उभे राहिले. ओठ हलत होते. पेटवायला काही उरलं नव्हतं.

"विचार त्येला, अजून हायत का?" मोतीबाई म्हणाल्या.

कर्णिकांनी विचारलं. साहेबांनी मान डोलावली. "तेवीस."

"तेवीस," कर्णिकांनी सांगितलं.

"मग बघत काय ऱ्हायलास? पनत्या आन."

"आई, हनुक्काला आठच..." सॅम्युएल म्हणायला गेला.

"तुला लई ठावं. काल शिकलास, आन आज मला सांगतोस. जा रं चिंतामण."

कर्णिक अनवाणीच बाहेर पडले. चाळीत दिवे लागायची वेळ होती, दारं उघडी होती. त्यांनी पहिल्या दारात पणत्या मागितल्या. आतल्या बाईनं विचारलं, दिवाळी सरून दोन महिने झाले, आता पणत्या कशाला? कर्णिक म्हणाले, "साहेबांची माणसं मारली गेली. तेवीस जणांचा दिवा लावायचा राहिलाय." बाईनं फळीवरून पणत्या काढून दिल्या आणि वर तेलाची बुधली ठेवली. पुढच्या दारात तोच प्रश्न आला, आणि कर्णिकांनी तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या दारात कोंडाजी बहिणीकडे आला होता, विडी ओढत बसला होता. त्याला सांगितल्यावर त्यानं विडी विझवली आणि न बोलता दुसऱ्या बाजूची दारं ठोठावायला गेला.